पत्त्यांचा सातबारा ज्यांच्या दप्तरी आहे, त्यांना सांगलीहून खुलं पत्र

प्रति,
एपनिक, ब्रिस्बेन, आणि तिच्या बरोबरीच्या राइप एनसीसी, आरिन, लॅकनिक व आफ्रिनिक या जगभर आयपी पत्ते वाटणाऱ्या व त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था
आयआरआयएनएन (भारतातली आयपी पत्त्यांची नोंदणी संस्था), नवी दिल्ली
दूरसंचार विभाग, भारत सरकार

विषय : दुसऱ्याचे आयपी पत्ते आपले म्हणून जाहीर करणाऱ्या नेटवर्कांवर कारवाई करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगलीत इंटरनेट पुरवण्याचा व्यवसाय करतो. वीस वर्षांपूर्वी केबल टीव्हीच्या वायरी ओढत होतो, आता फायबर ओढतो. सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासची पंधरा-वीस गावं मिळून आठ हजारांवर घरं, दुकानं आणि दवाखाने आमच्या जोडणीवर आहेत. आमच्या नावावर एक एएस क्रमांक, म्हणजे इंटरनेटवर आमच्या नेटवर्कची ओळख सांगणारा आकडा, आहे आणि १,०२४ आयपी पत्त्यांचा एक गट आहे. धंद्याच्या बोलीत आम्ही त्याला 'स्लॅश बावीस' म्हणतो. त्याची फी दरवर्षी वेळेवर भरतो. तुमच्या दप्तरात हे पत्ते आमच्या नावावर चढलेले आहेत. शेतकऱ्याला सातबाऱ्याचं जे मोल, तेच आम्हाला त्या नोंदीचं.

एके दिवशी हा सातबारा हातात असतानाही आमचं रान भलत्याच माणसाने नांगरलं. त्या दिवसापासून मी तुमची धोरणं, करार आणि सभांची इतिवृत्तं वाचतोय. नांगरणाऱ्याला जाब विचारायची तरतूद मला त्यात सापडली नाही, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी होता. मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झालेली. सकाळी अकराच्या सुमारास एका अडत्यांचा फोन आला, "अहो, बँकेची साइट उघडेना झालीय. शेतकऱ्यांच्या पट्टीचे पैसे पाठवायचेत." मी विचारलं, बाकी सगळं चालतंय का? तर यूट्यूब चालत होतं, व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं. पाच मिनिटांत दुसरा फोन, मग तिसरा. कुणाची एक बँक उघडत होती, दुसरी उघडत नव्हती. कुणाचा जीएसटीचा फॉर्म अर्ध्यात अडकला होता. एकाच गल्लीत एका घरी सगळं सुरळीत आणि शेजारच्या घरी निम्मं बंद. या धंद्यात नेट पूर्ण बंद पडणं सोपं, कारण वायर कुठे तुटली ते दिसतं. असं ठिगळाठिगळाने बंद पडलं की माणूस आपल्याच यंत्रांवर संशय घेत बसतो. आम्हीही तेच केलं. एक कार्ड बदललं, पत्ते वाटून देणारं यंत्र बंद करून चालू केलं, विश्रामबागेच्या ऑफिसातली मुलं दोन खांबांवर चढून उतरली. तीन तास गेले.

त्याच तीन तासांत मिरजेतल्या एका तपासणी केंद्रातून फोन आला. जतकडच्या रस्त्यावर अपघात झालेला एक मुलगा तिथे आणला होता. डोक्याचा सीटी स्कॅन काढून झाला होता, पण चित्रं पुण्यात बसलेल्या रेडिओलॉजिस्टकडे जात नव्हती. मी स्वतः गेलो. तंत्रज्ञ खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता, एक हात बाहेर काढून. हातातल्या मोबाइलला नेटवर्कच्या दोन कांड्या मिळत होत्या, त्या जाऊ नयेत म्हणून तो हलत नव्हता. आत लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकत होती, शेकडो चित्रांमधलं एकेक चित्र. दाराशी मुलाचे वडील उभे होते. त्यांनी माझ्या शर्टावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि विचारलं, "साहेब, अजून किती वेळ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिपोर्ट यायला पावणेदोन तास लागले. मुलगा वाचला. पण ते दार आणि तो प्रश्न मी विसरू शकलेलो नाही.

अडीच वाजता आमच्या एका सहकाऱ्याने लुकिंग ग्लास उघडून बाहेरच्या जगाला आपण कसे दिसतो ते पाहिलं. आमच्या स्लॅश बावीसच्या ओळीखाली आणखी दोन ओळी होत्या. दोन स्लॅश चोवीस, प्रत्येकी २५६ पत्त्यांच्या. पत्ते आमचे, पण पुढे उगमाचा एएस क्रमांक परक्या देशातल्या, आम्ही कधी नावही न ऐकलेल्या नेटवर्कचा.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगतो. इंटरनेटवरचं प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला सांगत असतं, "हे पत्ते माझ्याकडे आहेत, यांची पाकिटं माझ्याकडे द्या." शेजारी ते पुढच्याला सांगतो. या बोलण्याची भाषा म्हणजे बीजीपी. तिचा एक नियम असा की जास्त नेमकी घोषणा जिंकते. टपालात "सांगली" लिहिलेल्या थैलीपेक्षा "सांगली, गावभाग, अमुक गल्ली" लिहिलेली थैली आधी पोचते, तसंच. आम्ही म्हणत होतो, हे १,०२४ पत्ते आमचे. ते म्हणाले, त्यातले हे ५१२ आमचे. ज्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांच्याकडून येणारी उत्तरं आमच्याऐवजी तिकडे गेली. आमच्या ग्राहकाची विनंती बँकेपर्यंत पोचत होती, बँक उत्तरही देत होती, आणि ते उत्तर तिसऱ्याच्या दारात पडत होतं. आमच्याकडे एकेका पत्त्याआड अनेक ग्राहक असतात, त्यामुळे त्या ५१२ पत्त्यांत आमची जवळपास निम्मी गिऱ्हाइकं होती.

आम्ही बेसावध नव्हतो. आमच्या पत्त्यांवर आरओए होता. आरओए म्हणजे सही-शिक्क्याचा दाखला, की हे पत्ते जाहीर करायचा हक्क फक्त या एएस क्रमांकाला आहे. हा दाखला ज्यांनी तपासला त्यांनी खोटी घोषणा दारातच अडवली, म्हणून यूट्यूब चालू राहिलं. ज्यांनी तपासला नाही त्यांच्याकडे ती खुशाल चालली. आणि एक गोष्ट त्या दिवशी फार लागली. खोट्या स्लॅश चोवीसला उत्तर म्हणून आम्हालाही स्लॅश चोवीस जाहीर करणं भाग होतं, पण आमच्या दाखल्यात कमाल लांबी बावीस लिहिली होती. हीच शिफारस आहे आणि ती बरोबरच आहे. म्हणजे आधी स्वतःचं कुलूप बदलायचं, नवा दाखला जगभर पोचेपर्यंत थांबायचं, मग आमच्या वरच्या पुरवठादाराला विनवायचं की बाबा, आमच्यासाठी फिल्टर उघड. तिथून उत्तर आलं, "टिकेट काढलंय." खोटं बोलणाऱ्याला यातलं काहीच करावं लागलं नव्हतं.

रात्री सव्वादहाला त्या दोन ओळी गेल्या. कुणी काढल्या, का काढल्या, आजतागायत कळलं नाही. अकरा तास. त्या नेटवर्कच्या नोंदवलेल्या ईमेलवर आम्ही चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. त्यांना वरून जोडणी देणाऱ्याला लिहिलं, तर उत्तर आलं की तुम्ही आमचे ग्राहक नाही, तुमची तक्रार घेता येत नाही. मधल्या वेळात आमच्या पत्त्यांवरून कुणीतरी स्पॅम सोडलं होतं. पुढचे पाच आठवडे आमच्या ग्राहकांच्या मेल परत येत होत्या आणि आम्ही एकेका काळ्या यादीकडे अर्ज करत होतो, की चोर आम्ही नव्हतो.

आता तुमच्याशी बोलायचं ते सांगतो.

आमच्या सांगलीत हळदीचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या रुमालाखाली झाले. अडत्या आणि खरेदीदार रुमालाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. ना कागद, ना साक्षीदार. बीजीपीचा जन्मही रुमालावरचाच. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला इंटरनेट अभियंत्यांची बैठक होती, तिथे जेवणाच्या वेळी कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी कागदी रुमालांवर तिचा आराखडा काढला. दोन्हीकडे पाया एकच : समोरचा खरं बोलतोय हा विश्वास. पण हळदपेठेतला विश्वास हवेत नव्हता. सौदा मोडणारा कोण हे सगळ्या पेठेला संध्याकाळपर्यंत कळायचं, आणि बाजार समितीच्या हातात परवाना होता. वारंवार फसवणाऱ्याला यार्डात उभं राहता येत नसे. इंटरनेटची पेठ आज सुमारे पाऊण लाख नेटवर्कांची झाली आहे. त्या पेठेत परवान्याच्या जागी जे आहे, ते म्हणजे तुमच्या वहीतला एएस क्रमांक आणि पत्ते. तुमच्याखेरीज तिथे दुसरी बाजार समिती नाही.

पहिली तक्रार यावरूनच आहे. २०१९ मध्ये राइपच्या समुदायात एक प्रस्ताव आला होता, की जाणूनबुजून केलेलं पत्त्यांचं अपहरण हा धोरणभंग मानावा. त्यावर भरपूर वाद झाला आणि त्याच वर्षी तो मागे घेतला गेला. अमेरिकेत आरिनपुढे तसाच प्रस्ताव गेला, तर सल्लागार मंडळाने तो कक्षेबाहेरचा ठरवला. कारण एकच दिलं जातं : आम्ही नोंद ठेवतो, रूटिंगचे, म्हणजे पाकिटांच्या वाटा ठरवण्याचे, पोलीस नाही. मी हे नीट समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे, आणि मला ते पटत नाही. सदस्याची फी थकली की तुम्ही त्याचे पत्ते काढून घेता. अर्जात खोटी कागदपत्रं दिली तरी काढून घेता. एपनिकने तर २०२० पासून, कुणालाच न दिलेल्या पत्त्यांवर 'एएस शून्य'चे दाखले काढायला सुरुवात केली, म्हणजे हे पत्ते कुणीही जाहीर करू नयेत. निर्णय चांगलाच होता. पण तो रूटिंगविषयीचाच होता. मोकळ्या गायरानाची राखण करता येते, तर ज्याचा सातबारा निघालाय त्या रानाची का नाही?

दुसरी तक्रार वेळेची. १९९७ च्या एप्रिलमध्ये एएस ७००७ या क्रमांकाच्या एका नेटवर्कने चुकून साऱ्या जगाचे रस्ते स्वतःकडे वळवले, तेव्हा हा दोष पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात दिसला. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने सरकारी हुकमावरून देशापुरतं यूट्यूब बंद करायला यूट्यूबच्या स्लॅश बावीसमधला एक स्लॅश चोवीस जाहीर केला. हाँगकाँगच्या वरच्या पुरवठादाराने तो न तपासता पुढे सोडला आणि सुमारे दोन तास जगभर यूट्यूब दिसेनासं झालं. आमच्या बाबतीतही हाच बावीस आणि चोवीसचा हिशोब होता, इतक्या वर्षांनंतरही. २०१८ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या नामसेवेचे (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचे) पत्ते दोन तास वळवले गेले आणि तेवढ्यात एका क्रिप्टो पाकिटाच्या ग्राहकांचे सुमारे दीड लाख डॉलर गेले. आपल्या देशातूनही झालं आहे : ६ नोव्हेंबर २०१५ ला एअरटेलच्या नेटवर्कमधून दुसऱ्यांचे सोळा हजारांवर पत्तागट जाहीर झाले, आणि १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कमधून तीस हजारांवर. अशा मोठ्या घटनांचा अभ्यास होतो, त्यावर लेख येतात. सांगलीतल्या ५१२ पत्त्यांवर कुणी लेख लिहीत नाही. आमच्यासारख्यांची नोंद व्हायला जागा हवी ती तुमच्याकडे, आणि तुमच्याकडे अशी वहीच नाही.

तिसरी तक्रार ईमेलची. तक्रारीसाठी दिलेला ईमेल चालू आहे का, हे एपनिक दर सहा महिन्यांनी तपासते. आम्ही तो दुवा प्रत्येक वेळी दाबतो. पण त्या ईमेलवर आलेल्या तक्रारीला उत्तर दिलं जातं का, हे कुणी विचारत नाही. दारावरची घंटा वाजते एवढं पाहून घरात माणूस आहे असं समजण्यासारखं आहे हे.

चौथी तक्रार आपल्या सरकारकडे. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे. बंधन योग्य आहे, आम्ही पाळतो. पण संकट आमच्यावरच कोसळलेलं असतं तेव्हा सहा तासांत आम्हाला उलट फोन करण्याचं बंधन कुणावर आहे? आणि जे मोठे पुरवठादार आम्हाला वरून जोडणी विकतात, त्यांनी ग्राहकाने जाहीर केलेला पत्ता ग्राहकाचाच आहे का हे तपासावं, ही अट परवान्यात ठळक अक्षरात का नाही? आमच्यासारख्या क वर्गाच्या, म्हणजे लहान क्षेत्रापुरता परवाना असलेल्या पुरवठादाराने वरच्याला "तुम्ही आरओए तपासता का" असं विचारलं की त्यांच्या विक्री विभागातला मुलगा गोंधळतो. आम्ही इतके लहान आहोत की आमच्या विचारण्याने त्यांचं काही अडत नाही. तुमच्या विचारण्याने अडेल.

तपासणी चालते याचा पुरावा आहे. ५ फेब्रुवारी २०२१ ला, म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर, तिथल्या एका कंपनीने ट्विटरचा एक स्लॅश चोवीस जाहीर केला. तेव्हा ट्विटरचा त्यावर दाखला नव्हता आणि घोषणा देशाबाहेर सांडली. मार्च २०२२ मध्ये रशियातल्या एका पुरवठादाराने नेमका तोच पत्तागट जाहीर केला. तोवर दाखला झालेला होता आणि खोट्या घोषणेचा पसारा बराच आटोक्यात राहिला. त्याच वेळी हेही खरं की केवळ दाखल्यावर भागत नाही. ३ जानेवारी २०२४ ला स्पेनमध्ये ऑरेंज कंपनीच्या राइपमधल्या खात्यात कुणीतरी शिरलं. संकेतशब्द कमकुवत होता, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. शिरलेल्याने दाखलेच बदलले आणि कंपनीची स्वतःची खरी घोषणा जगाला खोटी वाटू लागली. याशिवाय उगमाचा क्रमांक खरा ठेवून मधली वाट खोटी सांगणारे असतातच, त्यांना आरओए पकडू शकत नाही. म्हणून मी केवळ तंत्र मागत नाही. तंत्र चुकवून जो पुन्हापुन्हा येतो, त्याला कुणीतरी नावानिशी विचारायला हवं.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप चुकीचा. माझ्या ऑफिसातल्या नव्या मुलाने रात्री दोन वाजता एक आकडा चुकीचा दाबला तर मलाही हद्दपार करणार का? करू नये. चूक आणि चोरी वेगळी करता येते. चुकणारा फोन उचलतो, घोषणा मागे घेतो आणि दिलगिरी कळवतो. चोराचा ईमेल मुका असतो, तो आज एका वाटेने आणि उद्या दुसऱ्या वाटेने येतो, आणि त्याने उचललेल्या पत्त्यांवरून स्पॅम निघतं. ओरेगन विद्यापीठाचं रूटव्ह्यूज आणि राइपचं आरआयएस कोण, कुठून, किती वेळ काय जाहीर करत होतं याची नोंद ठेवतात. पुरावा पडलेलाच आहे, तो वाचायला माणसं बसवायची आहेत.

दुसरा आक्षेप सत्तेचा : नोंदणी संस्थांच्या हातात अशी काठी दिली तर उद्या एखादं सरकार तीच काठी वापरून नकोसं नेटवर्क बंद करायला लावेल. या भीतीचा मी आदर करतो. म्हणूनच मी सरकारी हुकूम मागत नाही. बाहेरच्या जाणकारांचं मंडळ, आरोप असलेल्याला उत्तराची पुरेशी मुदत, वर अपील, आणि निर्णय कारणांसह जाहीर, असं मागतो. काठी कुणाच्याच हातात नको म्हणत राहिलो तर ती आपोआप बलवानाच्या हातात जाते. २०१८ च्या जुलैमध्ये पोर्तुगालच्या बिटकॅनल नावाच्या नेटवर्कला अखेर मोठ्या एक्स्चेंजनी (नेटवर्कं एकमेकांना जोडणाऱ्या केंद्रांनी) आणि वरच्या पुरवठादारांनी तोडलं. तोपर्यंत त्याच्या अपहरणांच्या तक्रारी काही वर्षं होत होत्या. तोडणं बरोबर होतं, पण ते झालं चार अभ्यासकांच्या चिकाटीने आणि काही कंपन्यांनी मनावर घेतलं म्हणून. नियमाने झालं नाही. सांगलीतला पुरवठादार कुणाच्या मनावर घेण्यावर किती काळ विसंबणार?

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. जाणूनबुजून आणि वारंवार केलेलं पत्त्यांचं अपहरण हा सदस्यत्व कराराचा भंग आहे, हे पाचही संस्थांनी धोरणात लिहावं. कारवाई पायरीपायरीने व्हावी : आधी नोटीस, मग नवीन पत्ते व सेवा थांबवणं, आणि शेवटी सदस्यत्व रद्द. त्या नेटवर्कच्या निरपराध ग्राहकांना दुसरीकडे जायला मुदत मिळावी. त्यांच्यात कुठेतरी असंच एखादं तपासणी केंद्र असणार.

२. चोवीस तास चालणारा एक मदत कक्ष. त्याने कुणाला तोडावं अशी अपेक्षा नाही. त्याने तासाभरात एकच कागद द्यावा, स्वतःच्या सहीनिशी : "हे पत्ते आमच्या वहीत अमक्याच्या नावावर आहेत, तमक्याच्या नाहीत." त्या दिवशी असा एक कागद हातात असता तर "तुम्ही आमचे ग्राहक नाही" म्हणणाऱ्याला मी तो दाखवू शकलो असतो. यासाठी नवं धोरण लागत नाही, रात्रपाळीला माणूस लागतो. एवढी एकच मागणी मान्य झाली तरी मी तुमचे आभार मानीन.

३. अपहरणाच्या घटनांची जाहीर वही. कुणी जाहीर केलं, कुणी न तपासता पुढे सोडलं, किती वेळ चाललं, उत्तर काय आलं. लहान-मोठा भेद न करता.

४. दूरसंचार विभागाने, वरून जोडणी विकणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराला ग्राहकांच्या घोषणा गाळणं आणि आरओए तपासणं बंधनकारक करावं. त्यासाठी तारीख ठरवावी आणि ती पाळली गेली का हे जाहीर करावं. आमच्यासारख्या लहानांना मुदत आणि शिकवणी द्यावी. आयआरआयएनएनने जिल्ह्याजिल्ह्यांत, मराठीत, एकेक दिवसाची शिबिरं घ्यावीत. सांगलीत घ्यायची असतील तर जागा आणि जेवण आमच्याकडे. आरओए म्हणजे काय हे माहीत नसलेले दहा-बारा पुरवठादार मी स्वतः बोलावून आणतो.

५. पत्त्यांच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी जिथे ऐच्छिक असेल तिथे सक्तीची करावी, आणि दाखल्यात बदल झाला की खातेदाराला त्याच मिनिटाला फोनवर संदेश यावा. बँकेतून पाचशे रुपये गेले तरी येतो.

६. सर्ट-इनला कळवलेल्या रूट अपहरणाच्या घटनेवर सहा तासांत एका अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर मिळावा.

आमचं शहर कृष्णेच्या काठावर आहे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाच्या खांबावरचे आकडे आम्ही तासातासाला वाचत होतो. धरणातून किती पाणी सोडलं हे कळलं की कुठल्या गल्लीतून माणसं हलवायची ते ठरत होतं. ते निरोप आता इंटरनेटवरून जातात. पंचायतीत, तलाठ्याच्या मोबाइलवर, सोसायटीच्या ग्रुपवर, आणि त्यातले कितीतरी आमच्या याच १,०२४ पत्त्यांमधून. फेब्रुवारीत नदी कोरडी होती. तेच अकरा तास ऑगस्टमध्ये आले असते तर काय झालं असतं, या विचाराने मी पावसाळ्यात रात्री उठून लुकिंग ग्लास उघडून बघतो.

एपनिकची खुली धोरण बैठक वर्षातून दोनदा होते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिली आणि दुसरी मागणी घ्यावी, अशी विनंती करतो. प्रस्तावाचा मसुदा लिहायला मी तयार आहे, इंग्रजीत मदत करणारे मित्र आहेत. त्या अकरा तासांतल्या घोषणांची मिनिटामिनिटाची नोंद, आम्ही पाठवलेली पत्रं आणि आलेलं ते एक उत्तर, सगळं एका फाइलीत लावून ठेवलं आहे. मंडळ नेमलंत तर ती फाइल घेऊन मी हजर राहीन.

कळावे,
आपला विश्वासू,
सांगलीतला एक इंटरनेट पुरवठादार